फक्त वाचायचंय

दुकानदार: आणि हा तिसरा, काचेच्या कपाटातला. तो कारखानेवाले नेतात, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

काका: जाईन कशाला? मला आपला हा पहिला बरा. अंथरूण पाहून पाय पसरावेत. गंमत बघा, परवापर्यंत मला वाटायचं, प्रोग्रॅमर म्हणजे चष्मा लावलेला एखादा मुलगा.

दुकानदार: तोही असतो. हा डबीतला. ह्याच्यात चिप बसवायची, तार कॉम्प्युटरला जोडायची, की चिपच्या पोटात काय आहे ते पडद्यावर दिसतं. पण आधीच सांगून ठेवतो, मागाहून भांडायला येऊ नका. हा स्वस्तातला आहे ना, तो तुमच्या जुन्या गेमच्या चिपा वाचेल, लिहिणार नाही. जुन्या चिपेवर लिहायला जास्त व्होल्टेज लागतं, तेवढा दम नाही ह्याच्यात. मधला वाचतो पण आणि लिहितो पण.

काका: मला लिहायचं काहीच नाही हो. फक्त वाचायचंय.

दुकानदार: गेमच्या मशीनची दुरुस्ती म्हणालात ना? दुरुस्तीवाले लिहायलाच घेतात. जुनी चिप मेली की कोऱ्या चिपेवर गेम लिहायचा आणि बसवून टाकायची.

काका: माझी चिप मेलेली नाही. पॉवर सप्लाय जळाला होता. टीव्ही दुरुस्त करणारं आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, त्याने तो बदलला. पडदा लागला, चिप जागेवर बसवली, पण गेम काही सुरू होईना. तो म्हणाला, काका, चिप एकदा वाचून बघायला हवी आणि माझ्याकडे प्रोग्रॅमर नाही. म्हणून आलो. नाहीतर मशीन उघडणं हे माझं खातंच नव्हे. मी गल्ल्यावर बसायचो, टोकन द्यायचो आणि पोरं भांडली की कान धरायचो.

दुकानदार: म्हणजे पार्लर होतं तुमचं?

काका: उभं आयुष्य तेच केलं. व्हिडिओ गेम पार्लर. पोरं शाळा बुडवून यायची आणि त्यांचे बाप मला शिव्या द्यायला यायचे. मशीन उघडायचं काम मुलीचं. ठकी म्हणायचो आम्ही तिला. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मशीनच्या मागच्या दारातून आत शिरायची, नुसते पाय बाहेर. गिऱ्हाईक विचारायचं, ते पाय कुणाचे? मी सांगायचो, मेकॅनिकचे.

दुकानदार: मग तिलाच पाठवायचं की. माझा घसा वाचला असता.

काका: ती गेली. गेल्या वर्षी.

दुकानदार: अरेरे. माफ करा काका, मला...

काका: तुम्हाला काय ठाऊक? ताप आला, डोक्यात गेला म्हणाले. आठवडाभरही नाही काढला तिने. पार्लर विकून टाकलं मग. बाकीची मशिनं भंगारवाल्याने नेली, एक तेवढं घरी आणलं. होडीचा गेम. खडक चुकवत होडी न्यायची. तिसऱ्या पातळीच्या शेवटी दीपगृह लागतं.

दुकानदार: ही त्यातली चिप?

काका: हां. धरा, पण हळू. जायच्या थोडं आधी तिने ही बदलली होती. म्हणाली, "बाबा, दीपगृहापाशी तुमच्यासाठी एक ओळ लिहून ठेवलीय. होडी तिथं टेकली की पडद्यावर येईल." म्हटलं, सांगून टाक ना. तर म्हणे, "फुकट नाही मिळणार. खेळा."

दुकानदार: आणि?

काका: आणि काय? दिव्याखाली अंधार. पार्लरवाला मी, पण दुसऱ्या पातळीतच बुडतो. दर वेळी. ती मागे उभी राहून हसायची. म्हटलं, जरा खडक तरी कमी कर. नाही केले.

दुकानदार: एखाद्या सराईत पोराला बसवायचं होतंत.

काका: तिने शपथ घातली होती, परक्याच्या हाताने नको म्हणून. मला वाटलं, घाई काय आहे? मग ती गेली, आणि पुढे काही दिवस मला त्या मशीनकडे बघवेना. धीर करून बटण दाबलं तर सप्लाय जळालेला. म्हणून म्हणतो, मला फक्त वाचायचंय. चिपेत ओळ असेल ती पडद्यावर दिसेल ना?

दुकानदार: दिसायला हवी. बाजूला अक्षरं येतात, इंग्रजी लिपीत. पण काका, ह्या चिपेवर वरून काही चिकटवलेलं नव्हतं? कागदाची पट्टी, टेप, असं काही?

काका: होतं की. तिची पट्टी होती. "होडी, बाबा" असं लिहिलेलं, तिच्या अक्षरात. ही बघा, पाकिटात आहे. अक्षर पुसून जाईल म्हणून मी नखाने हलकेच सोडवली. जराही फाटू दिली नाही.

दुकानदार: कधी सोडवलीत?

काका: सप्लाय जळाल्यावर त्या टीव्हीवाल्याने चिप काढून दिली, तेव्हाच. मशीन पडवीत असतं, आत उंदीर शिरतात, म्हटलं दुरुस्ती होईपर्यंत चिप घरात राहू दे, डोळ्यांसमोर. का हो? थांबा, हिचा फोन. कान गेलेत माझे, स्पीकरवरच असतो आमचा. हां, बोल गं.

काकू: अहो, पोहोचलात का? सापडलं दुकान?

काका: पोहोचलो. त्या वाचणाऱ्या डबीचंच बघतोय.

काकू: आणि चिप? पिशवीत खाली गेली नाही ना? नीट धरा. रोज पुसून ठेवलीय मी ती. खिडकीत तिच्या फोटोशेजारी सकाळचं ऊन आलं की चिपेची मधली काच कशी चमकते, ते बघितल्याशिवाय मी चहा घेत नाही.

काका: माहितीय गं. हातातच आहे ह्यांच्या.

काकू: आणि तिथं वाचत बसू नका एकट्याने. घरी आणा. दोघांनी मिळून वाचायचं ठरलंय.

काका: नाही वाचत. ठेव. ऐकलंत? सगळी तयारी झालीय. शेजाऱ्यांचा कॉम्प्युटरसुद्धा मागून आणून ठेवलाय. चला, बांधून द्या तो पहिला.

दुकानदार: काका, बांधायच्या आधी मी इथं एकदा लावून बघू का? माझ्याकडे सगळं जोडलेलंच आहे.

काका: नको, ठरलंय ना आमचं.

दुकानदार: नुसती चिप ठीक आहे का ते बघतो. उगाच घरी नेऊन हात हलवत परत येण्यापेक्षा इथंच कळलेलं बरं.

काका: तेही खरंच. बघा. पण ओळ वाचायची नाही हां. आणि डोळ्यांत आलीच, तर मला सांगायची नाही.

दुकानदार: नाही सांगत.

(दुकानदार चिप बसवतो, पडदा बघतो, चिप काढून पुन्हा बसवतो.)

काका: झालं? आता दुसऱ्यांदा लावताय. वाचलंत ना तुम्ही? चेहराच सांगतोय. असंच काहीतरी लिहिलं असणार तिने, माणसाला बोलता येऊ नये असं. सांगू नका मात्र.

दुकानदार: काका, जरा बसा.

काका: बसलोय की मघापासून.

दुकानदार: हा पडदा तुमच्याकडे वळवतो. हे असं दिसतंय. वरपासून खालपर्यंत.

काका: एफ, एफ, एफ... सगळीकडे एफच आहे. हे तिने लिहिलंय? एफवरून काय असेल? आमच्यात तर कुणाचं नाव एफवरून नाही.

दुकानदार: तिने नाही लिहिलेलं. कोरी चिप अशी दिसते.

काका: कोरी कशी असेल? तिने माझ्यासमोर बसवलीय. मी त्याच गेममध्ये बुडालोय.

दुकानदार: तेव्हा होतं आत. आता नाही.

काका: ह्याला वाचता येत नसेल हो. स्वस्तातला ना हा? तुम्हीच म्हणालात, दम नाही ह्याच्यात. तो काचेतला काढा. कारखान्याचा.

दुकानदार: काका, मी आता लावला तो काचेतलाच होता. आधी पहिला लावला, मग तो. दोघं तेच सांगतायत.

काका: मग ह्याच्याहून वरचा मागवा. येईल तेव्हा येऊ दे. मी घेतो. अंथरुणाचं काय, जमिनीवर झोपीन.

दुकानदार: जगातला कुठलाही आणला तरी हेच दिसेल. विकायला काय, मी आत्ता मागवीन. पण तुम्हाला नाही विकणार.

काका: कशाने झालं?

दुकानदार: जुन्या असतात ह्या. होतं कधीकधी.

काका: मालक, आयुष्यभर खोटी नाणी हाताने ओळखली मी. खरं सांगा.

दुकानदार: ही मधली काच आहे ना, ती आतलं पुसण्यासाठीच ठेवलेली असते. तिच्यातून कडक प्रकाश आत गेला की लिहिलेलं सगळं जातं. घरातल्या दिव्याने वर्षं लागतात. उन्हाने तितके दिवस लागत नाहीत. म्हणून वर पट्टी लावतात.

काका: ती पट्टी नाव लिहायला नव्हती.

दुकानदार: नाव आपलं वरून लिहायचं.

काका: लहानपणी ओरडायची ती आतून. "बाबा, उजेड!" मी टॉर्च घेऊन धावायचो. आणि ती म्हणायची, "उजेड आणा असं नाही, उजेड अडवा, पट्टी निघालीय." आम्ही सगळे हसायचो. तिचं अक्षर जपायला गेलो हो मी. जे जपायचं तेच...

दुकानदार: तुम्हाला माहीत नव्हतं. पाणी घ्या.

काका: गेम तरी मिळेल का कुठे?

दुकानदार: गेम मिळेल. जुन्या गेमच्या प्रती लोकांनी सांभाळून ठेवल्यात, शोधून देतो मी. तो कोऱ्या चिपेवर लिहिला की होडी पहिल्यासारखी चालेल. फक्त त्यात तिची ओळ नसेल. ती एवढ्या एकाच ठिकाणी होती.

काका: पट्टी मी काढली. पण ती खिडकीत...

दुकानदार: ऐकलं मी.

काका: रोज पुसायची ही. धूळ बसू नये म्हणून. हे तिच्या कानावर गेलं तर ती परत उठायची नाही. एकदा कशीबशी उठलीय. तुम्ही बोलणार नाही ना कुणाला?

दुकानदार: मी कुणाला बोलायला जातोय? फोन वाजतोय तुमचा. नका घेऊ आत्ता.

काका: नाही घेतला तर ती शेजाऱ्याला धाडेल मला शोधायला. हां गं.

काकू: अहो, किती वेळ? मी कॉम्प्युटर लावून बसलेय. आवाज का असा येतोय तुमचा?

काका: वाचलं मी. राहवलं नाही.

काकू: असे कसे हो तुम्ही? दोघांचं ठरलं होतं ना? निघालं का पण? काय लिहिलंय?

काका: लिहिलंय, पोहोचलात एकदाचे.

काकू: अगंबाई. तिचंच बोलणं ते. दर वेळी दारात उभी राहून असंच म्हणायची. एवढंच? माझं काहीच नाही त्यात?

काका: आहे ना. तुझंच पहिलं आहे. आई-बाबा, पोहोचलात एकदाचे.

काकू: आई आधी?

काका: आई आधी.

काकू: मला पडद्यावर बघायचंय. दीपगृहापाशी. तुम्ही बुडाल, मी खेळते. शिकेन मी. तिचा हात होता, माझाही वळेल. चिप आणताय ना? खिडकीतली जागा पुसून ठेवते.

काका: आणतो. खिडकीत नको आता, मशीनमध्येच राहू दे. थोडं काम बाकी आहे तिचं, एक-दोन दिवस लागतील. ठेवतो.

दुकानदार: काका.

काका: ही पट्टी धरा. तिच्या चिपेवर होती तशी परत चिकटवून द्या.

दुकानदार: आता उन्हात राहिली तरी काही बिघडणार नाही तिचं.

काका: तरी लावा. आणि एक कोरी चिप काढा, ठकीच्या चिपेवर नको लिहायला. हा पहिला ठेवून द्या आत. मधला द्या, लिहिणारा.