आमचंच दार वगळलं

पलासियात दातांच्या डॉक्टरकडे संहिताचा नंबर चौदावा होता, पण समोरच्या बाकावर अशी जुंपली की तिची दाढ दुखायचीच विसरली.

"सायमन, खरं सांग. नाताळचे कॅरोलवाले अख्ख्या गल्लीत गात फिरले, मग आमचंच दार का वगळलं?"

"एस्तेरआजी, तुम्ही यहुदी ना. नवे पास्टर म्हणाले, दुसऱ्या धर्माच्या लोकांना कशाला त्रास द्यायचा?"

"पन्नास वर्षं दिलात, तेव्हा मी तक्रार केली? पोहे, गूळ, नारळ घालून वीस जणांचा मलिदा केला मी. आम्ही दोघं म्हातारे तीन दिवस तेच खातोय! हे तर नवा स्वेटर घालून दारातच खुर्ची टाकून बसले होते."

"आजोबा? ते तर दर साल आम्हाला बेसुरे म्हणतात!"

"मग यंदा कोणाला म्हणायचं त्यांनी?"

"गलती झाली, आजी. अगले साल पक्का येतो."

"अगले साल कशाला? आज संध्याकाळी या. ढोलक घेऊन."

"अहो आजी, आज अठ्ठावीस तारीख! नाताळ होऊन गेला."

"तुमचा गेला. आमचा असतोच कुठे? आम्हाला पंचवीस काय नि अठ्ठावीस काय! बरोबर सातला या."