बाजूची वाहिनी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दुपारी मी रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिलो. समोर उपग्रहाच्या मोडेमपाशी एक तंत्रज्ञ बाई आणि तिचे साहेब बोलत होते.

“डोंगरावरच्या दवाखान्याकडून येणारं व्हिडिओचं चित्र तुटतंय. पॉवर पूर्ण चढव आणि तिथेच ठेव.”

“नको साहेब. ढग आले की मोडेम आपणहून पॉवर चढवतो, सरले की उतरवतो. कायम ओरडत बसलो तर उपग्रहावरच्या शेजाऱ्यांचे सिग्नल बुडतील.”

“मग ती बाजूची वाहिनी बंद कर. तेवढीच जागा चित्राला मिळेल.”

“नखाएवढी जागा ती. तिच्यावरूनच तिकडचा मोडेम सांगतो, आपलं किती ऐकू येतंय ते. ती तोडली तर पॉवर किती लावायची, हे आपल्या मोडेमला कळणार कसं?”

“फार शहाणी आहेस.”

“म्हणून तर छतावर अँटेनापाशी मला चढवता.”

“हा हुकूम आहे, बाई.”

“मग तुमच्या हातानं तोडा. माझा हात लागणार नाही.”

साहेबांनी मोडेमकडे नेलेला हात मागे घेतला.

“राहू दे. ढग सरेपर्यंत थांबू.”

हल्ली मुलगी मला रोज म्हणते, बाबा, आईचा नंबर आता बंद करून टाका. ते काम अजून राहिलं आहे.