बैलगाडीवरून आलेली नाव

वकीलसाहेबांच्या हौसेची नाव बैलगाडीवर लादून नावाडी गहिनीनाथानं भंडारदऱ्याहून कचेरीच्या दारात आणली होती. नोंदणीशिवाय धरणात नाव सोडायची नाही, असा नवा हुकूम होता. उद्या त्याच नावेतून शाळेच्या अकरा मुलींना फिरवायचं, म्हणून त्यांच्या शिक्षिका मार्थाबाई परवानगीचा अर्ज घेऊन बाकावर बसल्या होत्या.

"नाव गळते का रे?" कारकुनानं खिडकीतूनच विचारलं.

"हितं कशी गळंल, रावसाहेब? पानीच न्हाई. धरनावर चला, दावतो."

"हुकमात 'कचेरीत हजर करावी' एवढंच आहे. कोरडी दिसतेय, म्हणजे गळत नाही."

"बुडाची फळी कुजलीया. बोट आत जातंय."

"मग बोट घालू नकोस. माणसं किती?"

"चार. लई झाली तर पाच."

"वकीलसाहेबांनी बारा लिहिलीत. तू त्यांच्याहून शहाणा?"

"ते कुटं बसत्यात तिच्यात?"

नोंदणीच्या कागदावर दणकन शिक्का बसला.

"हं, बाई, तुमचं काय?"

"मुली अकराच आहेत. बाराव्या जागेवर तुम्ही बसा, रावसाहेब."

"छे छे! मला पोहता येत नाही!"

"माझ्या मुलींनाही येत नाही," म्हणत मार्थाबाईंनी आपला अर्ज फाडला आणि तुकडे त्या ओल्या शिक्क्यावर ठेवले.