यंत्र कोण चालवणार?

यंत्र चांगलंच होतं गा, चूक माझी. भिवापुरी मिरच्यांची देठं खुडून बायकोच्या बोटांची आग होते, म्हणून देठं खुडायचं यंत्र बनवून द्यायला कॉलेजची पोरं महाल भागातल्या आमच्या घरी आली. यंत्राचं चित्र काढायच्या आधी त्यांची प्रश्नांची यादी. पहिलाच प्रश्न, "आजोबा, यंत्र कोण चालवणार?"

"मीच," मी ऐटीत सांगितलं.

बायको म्हणाली, "अवो, ऐका तं..."

"तू चहा ठेव वं."

मग पोरांनी हँडल माझ्या छातीच्या उंचीवर बसवलं. दोन दिवस फिरवून मी कंटाळलो. तिनं फिरवून पाहिलं, तर हँडल वर गेलं की तिचा हात पुरेना.

"मले विचारलं असतं तं सांगतलं असतं," एवढंच बोलली.

अजूनही ती हातानंच खुडून राहिली. यंत्रावर माझा टॉवेल वाळते.