फोटोतली फुलं

(अंडी ट्रेमध्ये भरण्याची खोली. दुपार.)

बहीण : तो ट्रे ठेव रे दादा बाजूला. नीट ऐक माझं.

दादा : ऐकतोय की. हात चालू असले तरी कान उघडे आहेत.

बहीण : कृषी कार्यालयातल्या खिडकीवरचा साहेब म्हणाला, साथीतल्या नुकसानीची मदत तुम्हाला मिळणार नाही. फोटो चोरीचा आहे.

वहिनी : चोरीचा? असं म्हणाला, वन्सं?

बहीण : रांगेतल्या सगळ्यांसमोर. म्हणे हाच फोटो आधी एका अर्जाला लागलाय आणि तो अर्ज मंजूरही झालाय. फुलं माझी, मी माझ्या हातानं उपटून फेकलेली, आणि चोर मीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दादा : त्यांच्या कॉम्प्युटरचा घोळ असेल काहीतरी.

बहीण : म्हणून तर आले. लग्नं बंद पडली, जरबेरा कुणी विचारेना, तेव्हा ढीग उपसायला तूच आला होतास. फोटोही तुझ्याच फोननं काढून मला पाठवलास. उद्या माझ्याबरोबर ये आणि तेवढं सांग त्यांना.

दादा : उद्या? उद्या अंडी न्यायला गाडी येतेय.

वहिनी : गाडीचं मी बघते. तुम्ही जा.

दादा : तू मध्ये पडू नकोस.

वहिनी : मध्ये पडले नाही, तिथंच चुकलं माझं.

बहीण : माझ्यापायी भांडू नका. चोर कोण ते कळलंय मला.

दादा : काय कळलंय?

बहीण : कुंपणापलीकडचा नर्सरीवाला. त्याच्या गच्चीवरून माझं सगळं शेड दिसतं, तिथून त्यानंच तसाच फोटो काढला असणार. येताना त्याच्या दारात उभी राहून चांगलं खडसावलं त्याला. चार माणसं जमली.

वहिनी : काय म्हणाला तो?

बहीण : काही नाही. हातातली कुंडी खाली ठेवली आणि आत गेला. खरा असता तर बोलला नसता?

वहिनी : अहो.

दादा : हं.

वहिनी : आता तुम्ही सांगता की मी सांगू?

दादा : छकुले, तो नव्हता.

बहीण : तुला काय माहीत?

दादा : मी होतो.

बहीण : काय मी होतो?

दादा : तो पहिला अर्ज माझा. बागेचा तुकडा आहे ना मागे, त्यावर फुलं दाखवली. सगळेच भरत होते. म्हटलं सरकारचं आहे, कुणाच्या खिशातून जातंय? तू तेव्हा आजारी होतीस. वाटलं, ही काही अर्ज करत नाही.

बहीण : तुला कसला तोटा? घरी बसून लोक अंडीच खात होते.

दादा : नव्हताच तोटा.

बहीण : पण दादा, त्या फोटोत मी होते ना? ढिगाशेजारी, टोपलं घेऊन.

दादा : कापली.

बहीण : म्हणजे?

दादा : फोनवर बोटानं फोटोची कड सरकवली. तू गेलीस, फुलं राहिली.

वहिनी : मला माहीत होतं, वन्सं. मी बोलले नाही. त्या पैशातूनच कोंबड्यांचे हे नवे पिंजरे आले आणि मी त्यांना हळद-कुंकू लावून खूश झाले. तुमच्याकडे बघवत नाही मला.

बहीण : नका बघू.

दादा : उद्या येतो मी. साहेबाला सगळं सांगतो, पैसे परत करतो. नाव जाईल तर जाऊ दे. शिव्या दे मला.

बहीण : साहेबाचं उद्या. आत्ता चप्पल घाल.

दादा : कुठं?

बहीण : नर्सरीवाल्याकडे.

दादा : त्याला काय सांगू मी?

बहीण : तुला जमेल ते सांग. माफी मी मागणार आहे. फक्त एकटीनं त्या दारात जायची लाज वाटतेय मला.