नोंदीतला पत्ता

(कोर्टाबाहेरचा बाक. बहीण वादी, भाऊ प्रतिवादी.)

धाकटा : अकरा दहाला पुकारा, अकरा चौदाला फाईल बंद. चार मिनिटं, ताई.

ताई : बंद कुठं? दुसऱ्या कोर्टात गेली म्हणे. माझे वकील सांगायच्या आधीच पळाले. तू सांग.

धाकटा : राज्याचा नवा कायदा. ट्रस्टचा दावा आता ट्रस्टचं कार्यालय ज्या गावी नोंदलंय, तिथंच चालायचा.

ताई : मग इथंच की. ट्रस्टचा दवाखाना इथं, पाटी इथं, तू इथं.

धाकटा : हा नोंदणीचा कागद. पत्ता वाच. अक्षर बाबांचं.

ताई : तिसरा मजला, जिन्यालगतचं दार... अरे, हे माझं घर.

धाकटा : पाय मोडून तुझ्याकडे पडले होते ना तेव्हा. फॉर्मवर ‘पत्ता’ दिसला, होते तिथला लिहून मोकळे.

ताई : म्हणजे सोळा वर्षं माझं स्वयंपाकघर ट्रस्टचं कार्यालय?

धाकटा : आणि तू कार्यालयात भांडी घासतेस. आता तारखेला सात तास बसने मी यायचं. तिकडे लॉज बरं आहे का एखादं?

ताई : लॉजवर उतरलास तर तंगडी मोडीन. बाबांच्या खोलीत गादी घालते.

धाकटा : दावा तूच लावलायस माझ्यावर.

ताई : आईच्या नावाचा दवाखाना मोठ्या इस्पितळाच्या घशात घालायला निघालास म्हणून. दावा कोर्टात. घरी मुकाट्यानं जेवायचं.

धाकटा : दवाखान्याचे डॉक्टर पंच्याहत्तरीचे झाले. हात थरथरतात त्यांचे.

ताई : तुला सगळ्यांचेच हात थरथरताना दिसतात. लहानपणी माझी चित्रंही वाकडी दिसायची.

धाकटा : वाकडीच होती. नवा डॉक्टर मिळतोय का कुठं?

ताई : एक मुलगी तयार आहे. आठवड्यातून तीन दिवस.

धाकटा : मला बोलली नाहीस.

ताई : वकील म्हणाले, प्रतिवादीशी बोलू नका.

धाकटा : आणि सकाळपासून काय चाललंय?

ताई : तू कुठला प्रतिवादी. तू शेंबडा.

धाकटा : थांब, कारकून आला... पुढच्या महिन्याची नऊ, तुझ्या गावी. तोवर दवाखाना इस्पितळाला द्यायला मनाई कायम. म्हणजे दवाखाना उद्या उघडायचा.

ताई : सकाळी आठला. आणि कुलूप तू काढ. डॉक्टरांना हल्ली जमत नाही.