सतरा नंबरचा फॉर्म

आम्ही मूळचे जालन्याकडच्या टेंभुर्णीचे, पण तिथं आमचं कायीच नव्हतं, शेत न्हाई घर न्हाई, बौद्धवाड्यात आत्याच्या भिंतीला लावून एक पडवी होती, तिच्यात आम्ही पाच जण. बाप जालन्याला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचा. एक दिवस पोतं अंगावर आलं आन् त्याची कंबर गेली, ती गेलीच. मंग मायनं आम्हाला उचललं आन् जुन्या जालन्यात आणलं. माय दालमिलमधी डाळ निवडायला जायची, संध्याकाळी यायची तर भुवया पिवळ्या, केस पिवळे. डाळीची चुरी शिजवून खायचो आम्ही, कितीतरी दिवस तेच.

शाळा पालिकेची होती. शाळा म्हणजे काय सांगू तुम्हाला, एक मास्तर तीन वर्ग सांभाळायचे, तेबी आले तर आले. मी सातवीत गेले तवा पालिकेनं ती शाळा एका संस्थेला चालवायला दिली. इमारत तीच, बाकं तीच, पोरं आम्हीच, चालवणारे नवे. आन् बदल झाला, खोटं कशाला बोलू. मास्तर वेळेवर यायला लागले, प्रत्येक विषयाला वेगळा मास्तर, वह्या बराबर तपासायचे, पुढं आठवी, नववी, दहावी तिथंच निघाली. मला धडाधड वाचता यायला लागलं ते याच लोकांमुळं. पण संस्थेला अट होती. दहावीचा निकाल चांगला लागला तर सरकारचं अनुदान, न्हाईतर शाळा बंद. ही अट आम्हा पोरांना कोणी सांगितली न्हाई, पण ती समजत होती. निकालाचं नाव निघालं की मास्तरांचा आवाज बदलायचा, त्यावरनं समजायची.

मी दहावीत गेले आन् पहिल्या चाचणीत गणितात नापास झाले. माझी मैत्रीण नसीम, सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांची पोरगी, तीबी नापास. अजून पाच जण. गणपती उठले आन् शिपाईकाका वर्गात चिठ्ठी घेऊन आले, आमची सात नावं वाचली, म्हणले उद्या आईबापाला घेऊन या. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणला, चला, सतरा नंबरवाले निघाले. वर्ग हसला. मला हसू आलं न्हाई, माझे पाय गार पडले.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायची. शाळेतून दाखला काढून घरी बसायचं आन् मार्चमधी पेपर द्यायचे. नापास झालं तरी शाळेच्या निकालात ते धरत न्हाईत. केंद्र कुठं येईल, त्याचाबी भरवसा न्हाई.

दुसऱ्या दिवशी माय मिलमधून तशीच आली. हेडसर म्हणले, या मावशी, बसा. खुर्चीवर बसा असं मायला तोपर्यंत कोणी म्हणलं नव्हतं, ती कडेकडेला टेकली. सर लई गोड बोलून राह्यले होते. पोरीवर अभ्यासाचा बोजा पडून राह्यला, घरी बसून आरामात परीक्षा देईल, तुमच्याच भल्याचं आहे, फक्त इथं अंगठा द्या. शाईचं पॅड पुढं सरकवलं. माय बिचारी हो हो म्हणत होती, सर म्हणतात तर भलंच असंल.

मी खुर्चीच्या मागं उभी. कागद मला उलटा दिसत होता तरी वाचला. माझी मुलगी मी स्वखुशीने शाळेतून काढून घेत आहे, असं लिहिलेलं. मायचा अंगठा शाईत बुडलेला. सरांसमोर मी कवा मान वर केली नव्हती, मला वाटलं बोलले तर मारतील, न्हाई बोलले तर संपलं.

माय, अंगठा देऊ नको.

एवढंच निघालं. सरांनी कागद माझ्याकडं फिरवला, म्हणले, वाच मोठ्यानं. मी वाचला, अडखळत, सगळा. मायनं ऐकला, अंगठा पदराला पुसला, तो डाग त्या लुगड्यावरनं कवा गेला न्हाई. मंग तिनं इचारलं, सर, हिला असं वाचायला कोणी शिकवलं? सर म्हणले, आम्हीच. माय म्हणली, मंग आता काढून कशाला टाकता?

सरांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. म्हणले, मावशी, तीन वर्षं झाली माझे मास्तर बिनपगारी शिकवून राह्यले. यंदा निकाल पडला तर शाळाच राहणार न्हाई, मंग हीबी न्हाई आन् बाकीची पोरंबी न्हाईत. तोपर्यंत मी सरांना भेत होते, आता कळलं, सरबी भेलेत. त्याची मला जास्त भीती वाटली.

सरांनी कागद ड्रॉवरमधी ठेवला. फाडला न्हाई. म्हणले, सहामाहीत पास झाली तर ठेवतो, न्हाई झाली तर या अंगठा द्यायला. गणिताचे सर शाळेआधी एक तास बसवायला लागले, तेबी बिनपगारीच. ऑफिसात ड्रॉवर वाजला की मी गणिताची वही उघडायचे. सहामाहीत कशीबशी पास झाले, पण ड्रॉवरमधी तो कागद होताच. मार्चमधी पेपर लिहिताना वाटायचं, मी पडले तर शाळा पडंल, माझ्या एकटीमुळं. हात ओले होऊन कागदाला चिकटायचे.

पास झाले. गणितात छत्तीस. पुढच्या साली शाळेला अनुदान आलं, मास्तरांना पगार सुरू झाले, पेढे वाटले, मीबी खाल्ला. पण नसीमच्या अब्बांनी अंगठा देऊन टाकला होता. तिचं केंद्र आलं अंबडला. एकटी पोरगी रोज एस्टीनं अंबडला कोण पाठवणार? तिनं पेपर दिलेच न्हाईत. बाकीच्या पाचांच्या आईबापांनीबी अंगठे दिले होते. निकाल चांगला लागला म्हणतात त्यात ते सहा जण कुठंच न्हाईत.

मी पुढं बारावी झाले, बी.ए. झाले, आमच्या सगळ्या भावकीत पहिली. आता त्याच शाळेत क्लार्क आहे. तो ड्रॉवर आता माझ्याकडं आहे. शाळा वाईट न्हाई, मी म्हणू देणार न्हाई कोणाला. पण पहिल्या चाचणीनंतर अजून नापास पोरांच्या याद्या येतात, आन् यादी हातात आली की अजून माझे पाय गार पडतात. नोकरीचीबी भीती वाटते. तरी मी आईबापाला समोर बसवते, कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवते, मंगच पॅड पुढं करते. बहुतेक जण अंगठा न देता उठून जातात. आताचे हेडमास्तर चिडतात, चिडू द्या.

दोन वर्षांमागं यादीत नसीमच्या पोरीचं नाव आल्तं. नसीम आली, खुर्चीवर बसली, मी वाचलं, तिनं ऐकलं आन् कागद परत माझ्याकडं सरकवला. पोरीचा फॉर्म शाळेतूनच भरला. ती पास झाली.